ड्रोन बंद पडला तर दुरुस्त कोण करणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात ड्रोनची प्रात्यक्षिके आता नवलाईची राहिलेली नाहीत. कृषी विज्ञान केंद्राचा शेतकरी मेळावा असो, बचत गटांचे संमेलन असो की साखर कारखान्याचा ऊस परिसंवाद असो, ड्रोन उडतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रे छापून येतात. या यंत्रातून ग्रामीण तरुणांना मोठा रोजगार मिळेल, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. परंतु त्या रोजगारासाठी कोणती कौशल्ये लागतील याची चर्चा पायलट घडवण्यापुढे सहसा जात नाही. आयटीआयमध्ये विद्युत शाखेचा शिल्पनिदेशक म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात एक मोठी उणीव दिसते आणि ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विद्युत आणि वैमानिकरहित विमानविद्येत मराठवाड्याला खरोखर काही कमवायचे असेल, तर यंत्र तपासणारा, त्याची बॅटरी सांभाळणारा आणि 'हे आज उडवण्यायोग्य आहे' असे स्वतःच्या सहीनिशी सांगणारा तंत्रज्ञ आपण आधी तयार केला पाहिजे.

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित केले. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल, १५० किलोपर्यंतचा मीडियम आणि त्यापुढचा लार्ज ठरतो. फवारणीचे बहुतेक ड्रोन भरलेल्या टाकीसह २५ किलोंच्या आतच बसवलेले असतात. ते चालवणाऱ्याचे वय १८ ते ६५ असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत त्याने प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. फेब्रुवारी २०२२ मधील दुरुस्तीने परवान्याचा वेगळा टप्पाही काढून टाकला आणि प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र पुरेसे मानले. ही सुलभता योग्यच होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती असमतोलाची. हातात रिमोट धरणाऱ्याला प्रमाणपत्र बंधनकारक आहे, पण त्याच ड्रोनचा तुटलेला हात बदलणाऱ्या, मोटर जोडणाऱ्या किंवा वायरचा सांधा डाग देऊन पक्का करणाऱ्या माणसाला तसे कोणतेही बंधन नाही. प्रवासी विमानाच्या बाबतीत आपण असे कधीच चालवून घेत नाही. तेथे देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज विमान हलत नाही आणि त्या सहीमागे अनेक वर्षांचा अभ्यास, परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो. फवारणीच्या ड्रोनसाठी इतकी कडक व्यवस्था कोणी मागणार नाही, परंतु खुरपणी करणाऱ्या बायांच्या डोक्यापासून थोड्याच अंतरावर विषारी औषध घेऊन उडणाऱ्या वीस-पंचवीस किलोंच्या यंत्राला कोणाचीच सही नसावी, हेही पटण्यासारखे नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले आणि त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, असे अनुदान आहे. गटातील एका महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते, ज्यात उड्डाणाबरोबर खत व औषध फवारणीचाही भाग आहे. विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला अथवा कुटुंबातील व्यक्तीला ड्रोन सहायक म्हणून शिकवण्याची सोयही योजनेत आहे. म्हणजे योजना आखणाऱ्यांना दुरुस्तीचा प्रश्न सुचला नव्हता असे म्हणता येणार नाही. मात्र काही दिवसांच्या वर्गातून प्रोपेलर बदलणे, नोझल साफ करणे एवढेच हाती लागते. ड्रोनचे उड्डाण सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर, होकायंत्राचे कॅलिब्रेशन, मोटरचा वेग नियंत्रित करणारे ईएससी आणि बॅटरी यांतला दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे हे त्या सहायकाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

याचा हिशेब शेतीच्या भाषेत मांडला की गांभीर्य कळते. सोयाबीन, कापूस आणि तूर यांवरील फवारणीचे दिवस जुलै ते ऑक्टोबर एवढेच, त्यातही पावसाची उघडीप आणि वाऱ्याचा वेग पाहून मिळणारे सकाळ-संध्याकाळचे तास मोजकेच. माझ्या परिचयातील एका गटाचा ड्रोन ऐन हंगामात बांधावरच्या बाभळीत अडकून पडला. दुरुस्तीसाठी तो परराज्यातील कंपनीकडे पाठवावा लागला आणि तो परत आला तेव्हा तुरीचा फुलोरा संपत आला होता. महिलांना मिळालेले प्रमाणपत्र तेवढा काळ कपाटात पडून राहिले, कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी तीन दिवसांत झाली असती तर याच ड्रोनने त्या वर्षीचा खर्च भागवला असता.

सर्वांत जास्त अज्ञान बॅटरीविषयी आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. या ड्रोनमध्ये बहुधा लिथियम-पॉलिमर सेल असतात. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. अनेक सेल ओळीने जोडून पॅक बनतो आणि त्यांपैकी एक सेल जरी इतरांच्या मागे पडू लागला, तरी संपूर्ण पॅक उड्डाणात दगा देऊ शकतो. उड्डाण संपल्यावर बॅटरी तापलेली असते. ती निवू न देता लगेच जनरेटरवर चार्जिंगला लावणे, ही घाईच्या हंगामात बांधावर सर्रास दिसणारी गोष्ट आहे. हंगाम संपला की उलट चूक होते. पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवल्या जातात आणि पुढच्या जूनपर्यंत तेथेच राहतात. दीर्घकाळ ठेवायची बॅटरी सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर आणून थंड जागी ठेवायची असते. मराठवाड्याचा एप्रिल-मे, पत्र्याखालची खोली आणि काठोकाठ भरलेले सेल हे एकत्र आले की बॅटरी फुगणार, तिचा अंतर्गत रोध वाढणार आणि तिचे आयुष्य निम्म्यावर येणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. एखादा फुगलेला पॅक पेटला तर ती आग ओल्या गोणपाटाने विझत नाही, कारण सेलच्या आतली रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करीत राहते. म्हणून प्रत्येक बॅटरीला क्रमांक, प्रत्येक चार्जिंगची नोंद, महिन्याला अंतर्गत रोधाची मोजणी आणि निकामी बॅटरीची सुरक्षित विल्हेवाट या गोष्टी जो शिकवील, तोच अभ्यासक्रम खरा म्हणावा. हे काम शिकलेल्या मुलाला ड्रोनबरोबर ई-रिक्षा, ई-बाइक, सौर साठवण यांतही काम मिळेल, हा त्याचा वेगळा लाभ.

फवारणीचे कौशल्य हेही उड्डाणापेक्षा वेगळे आहे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, तेथे ड्रोन दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम उरकतो. अर्थात त्या थोड्या पाण्यातील औषध कितीतरी पटींनी तीव्र असते. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीडनाशकांना ड्रोनद्वारे वापरण्याची तात्पुरती परवानगी दिली. पण नोझल कोणते, थेंबाचा आकार किती, उंची किती ठेवायची आणि वारा कोणत्या दिशेचा, हे शेतात उभे राहून ठरवावे लागते. आमच्या जालना जिल्ह्यात तुतीची लागवड बरीच आहे, जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. शेजारच्या कपाशीवर ड्रोनने मारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीच्या पानांवर गेले आणि ती पाने संगोपनगृहात अळ्यांना घातली, तर त्या शेतकऱ्याची पूर्ण बॅच हातची जाते. बीड आणि धाराशिवच्या रेशीम उत्पादकांनाही हा धोका तितकाच आहे. अशा वेळी पायलटने 'मी नियमाप्रमाणे ४०० फुटांच्या खाली होतो' असे सांगून काय उपयोग? २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, त्यांपैकी बहुतेक जण पाठीवरच्या पंपाने फवारत होते. ड्रोनमुळे माणूस औषधापासून दूर जातो हे खरे आहे आणि म्हणूनच या तंत्राचे मी स्वागत करतो. तरीही टाकीत औषध भरणारा, पंप उघडणारा आणि तुंबलेले नोझल हाताने साफ करणारा माणूस दूर जात नाही. त्याच्या हातमोज्यांची काळजी कोणत्या अभ्यासक्रमात आहे, ते शोधावे लागते.

हे मनुष्यबळ शून्यातून उभे करायचे आहे, असे मात्र मुळीच नाही. सेलू, अंबड, केज, वसमत अशा कोणत्याही तालुक्याच्या गावात जा, बोअरची मोटर भरून देणारी रिवाइंडिंगची दुकाने रांगेने दिसतील. वाइंडिंग, इन्सुलेशन, बेअरिंग यांचा या कारागिरांना असलेला अंदाज पदवीधरालाही हेवा वाटावा असा आहे. ऐंशीच्या दशकात बजाजचा कारखाना वाळूजला आल्यापासून सुट्या भागांच्या लघुउद्योगांत काम केलेल्या दोन पिढ्या आपल्याकडे आहेत आणि मायक्रोमीटर हातात धरायला त्यांना नव्याने शिकवावे लागणार नाही. कमी आहे ती विमानविद्येतील शिस्त. आमच्याकडचा मिस्त्री बंद पडलेली वस्तू चालू करण्यात वाकबगार असतो आणि चालू झाली की त्याचे समाधान होते. फ्यूजऐवजी तांब्याची तार लावलेला पंप फार तर जळतो. तसाच उपाय हवेत उडणाऱ्या यंत्रात केला तर ते कोणाच्या तरी अंगावर पडते. कोणता स्क्रू किती टॉर्कने, म्हणजे किती पिळाने, आवळला, कोणता भाग कोणत्या क्रमांकाच्या जागी बसवला, तो कोठून आणला आणि बसवणारा कोण, हे लिहून ठेवण्याची सवय लावणे हे या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड काम ठरेल, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. अपघाताची माहिती ४८ तासांत डिजिटल स्काय या व्यवस्थेवर कळवण्याचे बंधन नियमांत आहे. ज्याच्याकडे मुळात नोंदवहीच नाही, तो काय कळवणार?

आता विद्युत विमानांविषयी. याबाबत सध्या बरीच स्वप्ने विकली जात आहेत आणि काही खासगी संस्था 'एअर टॅक्सी'च्या नावाने पालकांकडून फी घेण्याच्या तयारीत असल्याचे जाहिरातींवरून दिसते. वस्तुस्थिती अशी की, पिपिस्ट्रेल कंपनीच्या वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपीय नियामकाने प्रमाणित केले आणि प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे विमानाच्या रचनेला अधिकृत मान्यता, मिळवणारे ते पहिले पूर्ण विद्युत विमान ठरले. त्याचा उपयोग मुख्यतः वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी, कारण ते तासाभराच्या आतच खाली उतरवावे लागते. चीनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ईहँग कंपनीच्या वैमानिकरहित प्रवासी यानाला प्रमाणपत्र मिळाले. अमेरिकेच्या नियामकाने ऑक्टोबर २०२४ मध्ये उभ्याने उडून पुढे विमानासारख्या जाणाऱ्या यानांच्या वैमानिकांसाठी वेगळे नियम केले. परंतु त्याच वर्षाअखेरीस जर्मनीतील लिलियम आणि व्होलोकॉप्टर या हवाई टॅक्सी बनवू पाहणाऱ्या दोन गाजलेल्या कंपन्यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मूळ अडचण भौतिकशास्त्राची आहे. एक किलो विमान इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम-आयन सेलच्या एका किलोत जेमतेम पाव युनिट. विद्युत मोटरची कार्यक्षमता इंजिनापेक्षा खूप जास्त असल्याने हे अंतर थोडे घटते, मिटत नाही. त्यामुळे केवळ हवाई टॅक्सीच्या भरवशावर मुलाला कोणत्याही अभ्यासक्रमाला घालू नये, असे मी ओळखीच्या पालकांना सांगतो.

तरीही या क्षेत्राची तयारी आज करता येते, कारण त्याचा पाया जमिनीवरच्या विद्युत वाहनांशी सामाईक आहे. उच्च दाबाचा डीसी प्रवाह हाताळणे हे त्यातले पहिले कौशल्य. आपले बहुतेक इलेक्ट्रिशियन एसीवर वाढलेले. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीमध्ये तसा क्षणच येत नाही आणि ठिणगीची ज्वाला टिकून राहते. कनेक्टर काढण्यापूर्वी पुरवठा बंद करून कुलूप घालणे, कपॅसिटरमधला साठा उतरू देणे, मेगरने इन्सुलेशन तपासणे, हे हातात मुरायला महिने लागतात. २०२४ मध्ये एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक नगरीतील बिडकीन येथे प्रकल्प उभारण्याचे जाहीर केले. या कारखान्यांसाठी घडणाऱ्या तंत्रज्ञांना हवाई क्षेत्राचा एक जोड अभ्यासक्रम दिला, तर तोच मुलगा दोन्ही दारांतून आत जाऊ शकेल. दुसरीकडे, विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यात यंत्र-इंजिन आणि एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) अशी जी विभागणी आहे, ती विद्युत विमानात पुसट होते. इंजिनच विद्युत झाल्यावर ते काम कोणाच्या सहीने व्हायचे, याचा अभ्यासक्रम नियामकांनाच ठरवावा लागेल आणि तो मराठवाड्याच्या हातातला विषय नाही.

आपल्या हातात जे आहे ते कमी नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांद्वारे डिजिटल शेती या विषयाचे केंद्र नाहेप या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून उभे राहिले. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, छत्रपती संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी नाइलिट ही केंद्रीय संस्था आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टरची चाचणी व्यवस्था आहे, नांदेडला श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. प्रत्येकाकडे या विद्येचा एक तुकडा आहे. फवारणीचे शास्त्र परभणीकडे, सर्किटची दुरुस्ती नाइलिटकडे, साचे आणि सुटे भाग टूल रूमकडे. हे तुकडे जोडणारा एक सहा महिने ते वर्षभराचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर ड्रोन उत्पादकाकडे शिकाऊ उमेदवारी, अशी रचना विभागीय आयुक्तांच्या पुढाकाराने होऊ शकते. आयआयटी मुंबईच्या साहाय्याने आखलेल्या महाराष्ट्र ड्रोन मिशनचे मराठवाड्यातील काम याच धाटणीने व्हावे, निव्वळ इमारत आणि उद्घाटनापुरते राहू नये. आयटीआयसाठी ड्रोन तंत्रज्ञ हा अभ्यासक्रम कागदावर आहे. तो सुरू करण्यापूर्वी शिल्पनिदेशकाला स्वतःला तो विषय नीट शिकवा, एवढीच माझी पोटतिडकीची विनंती आहे. आठवडाभराची कार्यशाळा करून आलेल्या निदेशकाने वर्षभर वर्ग रेटायचा आणि सिम्युलेटर खोक्यातच ठेवायचा, हे आम्ही इतर नव्या ट्रेडमध्ये पुरेसे पाहिले आहे. रिवाइंडिंगच्या कारागिरांना पूर्वकौशल्याची परीक्षा घेऊन थेट पुढच्या टप्प्यात प्रवेश द्यावा. देखभालीच्या पुस्तिका मराठीत असाव्यात. तेथे 'बॅटरी'ला आणि 'मोटर'ला प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही, वाक्ये मात्र समजतील अशी हवीत.

भूमापन, गावठाणांचे स्वामित्व योजनेतील सर्वेक्षण, सप्टेंबर २०२५ सारख्या अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, यांसाठी छायाचित्रांवरून नकाशा तयार करणारे हातही लागतील. ते काम संगणकावरचे असल्याने आपल्या महाविद्यालयांतून त्याची सोय तुलनेने लवकर होईल.

शेवटी खरेदीचा मुद्दा, कारण पैसा तेथेच अडतो. शासकीय अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक ड्रोन खरेदीच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: पुरवठादाराने विभागात दुरुस्ती केंद्र चालवावे, हंगामात ठरावीक दिवसांत यंत्र परत द्यावे आणि त्या केंद्रात स्थानिक आयटीआयचे शिकाऊ उमेदवार घ्यावेत. तसेच बचत गटांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि अवजारे बँकांना आतापर्यंत दिलेले ड्रोन किती, गेल्या खरिपात त्यांपैकी प्रत्यक्ष किती उडाले आणि बंद असलेले कशामुळे बंद आहेत, ही माहिती मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या कृषी अधीक्षकांनी येत्या खरिपापूर्वी जाहीर करावी. कोणत्या दोषामुळे किती ड्रोन बंद आहेत हे त्यातून कळले, म्हणजे अभ्यासक्रमात कशाला किती तास द्यायचे ते ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (विद्युत), जालना